डेकवरची सावली

गालभर फेस लागलेला असला की माणसाला बोलता येत नाही, आणि वस्तरा गळ्याशी आला की मानही हलवता येत नाही. वेसल हारिंकचं नेमकं तेव्हाच झालं. रॉटरडॅमच्या मासळीबाजारामागे डर्क न्हाव्याचं दुकान; तिथं तो दर शनिवारी दाढीला बसायचा, आणि समोरच्या भिंतीवर त्यानेच तांब्यावर कोरलेलं, हजारांनी छापलेलं आरमारी लढाईचं चित्र चार खिळ्यांनी ठोकलेलं असायचं. आपलंच चित्र समोर असलं की माणूस ते बघत नाही. वेसल खिडकीबाहेरचा धुकट कालवा बघत होता. तेवढ्यात बाकावर नंबर लावून बसलेला हेरिंगवाला उठला, चित्राला नाक लावून उभा राहिला आणि म्हणाला, "डर्क, ही सावली कुणाची रे?" "कसली सावली?" "ही काय, डेकवर. टोपी आहे, खांदा आहे, हातात काठी आहे. सावली दिसतेय, मग माणूस कुठाय? इथं नुसतं पिंप ठेवलंय. पिंपाला टोपी असते होय?" डर्कचा वस्तरा थांबला. तो तसाच हातात घेऊन डर्क भिंतीपाशी गेला, वाकला आणि बराच वेळ वाकूनच राहिला. मग हळू आवाजात म्हणाला, "रोम्बाउटसाहेब." हेरिंगवाल्याच्या टोपीला राजपुत्राच्या पक्षाची नारिंगी फीत होती, तशी त्या दिवसांत सगळ्यांच्याच टोपीला होती, पण त्याने ती टोपी काढून हातात घेतली. डर्क परत आला. त्याने वेसलच्या खांद्यावर हात ठेवला आणि दाबला. "माणूस पुसायला लावला, तर यांनी सावली ठेवली. हारिंक, याला छाती लागते." वेसलच्या तोंडाशी फेस होता. त्याच्या घशातून "अं" एवढंच निघालं, आणि दुकानातल्या सगळ्यांनी तो त्याचा विनय समजला.

सावली होती. घरी जाताना पुलावर थांबून त्याने डोळे मिटले, तर ती तांब्याच्या पत्र्यावर जशी उलटी होती तशी दिसली: उजवीकडून डावीकडे पडलेली, दोराच्या वेटोळ्यावरून वाकून तोफेच्या चाकापर्यंत गेलेली. पाच वर्षांपूर्वी त्याने ती मोठ्या प्रेमाने कोरली होती. लढाई संध्याकाळची, सूर्य खाली, म्हणून सावल्या लांब. आणि सावल्या त्याला फार आवडायच्या, कारण त्यांना चेहरा नसतो, आणि त्या कुणासारख्या दिसल्या नाहीत म्हणून कुणी तक्रार करत नाही. आणि ती आपण पुसायची विसरलो. छाती नाही, काळीज नाही, काही नाही. विसरलो. एवढं साधं होतं ते. मागे फिरावं, डर्कच्या दुकानाचं दार ढकलावं आणि सांगावं, अरे बाबा, मी विसरलो होतो. पण गुळगुळीत गालाने परत जाऊन हे कसं सांगायचं? फेस होता तेव्हा सांगता आलं नाही, आता फेस नाही म्हणून सांगता येत नाही. त्याला खुदकन हसू आलं आणि लगेच कानाच्या पाळ्या तापल्या. कान तापणं त्याचं लहानपणापासूनचं. लाज वाटली की आधी कानांना कळायचं, मग त्याला.

उन्हाळ्यात काय झालं ते सगळ्यांनाच ठाऊक होतं, म्हणून त्याबद्दल कुणी बोलत नसे. फ्रेंच फौजा उट्रेख्तपर्यंत आल्या, बांध फोडून आपलीच शेतं आपण पाण्याखाली घातली, आणि माणसांना कुणावर तरी हात टाकायचा होता. तो शहरसभेच्या जुन्या साहेबांवर पडला. रोम्बाउटसाहेब त्यातलेच. पाच वर्षांपूर्वी आरमार जिंकून आलं तेव्हा ते सभेचा माणूस म्हणून जहाजावर होते. तोफा सुटत होत्या आणि ते काठी टेकून डेकवर उभे होते म्हणे. म्हणून चित्रात ते मधल्या जहाजावर, आणि खाली यादीत त्यांचा आकडा तिसरा. या चित्रांत अर्धी लढाई खालच्या यादीतच लढली जायची. कोण मध्ये, कोण कडेला, कुणाला आकडा आणि कोण बिनआकड्याचा, यावरून माणसं गुत्त्यात एकमेकांची गचांडी धरत. निशाणाचा वरचा पट्टा तांबडा रंगवला तर घर सभेचं, नारिंगी रंगवला तर सभेच्या विरोधातल्या राजपुत्राचं. न्हावी, शिंपी, दारूवाला, सगळे भिंतीवर आपलं मत टांगून बसलेले. ऑगस्टमध्ये लोकांनी रोम्बाउटसाहेबांच्या घरच्या काचा फोडल्या, तसबिरी कालव्यात फेकल्या, त्यांना पायरीवरून ओढलं. त्या मारातून ते उठलेच नाहीत. आणि दुसऱ्याच आठवड्यात चित्रं छापून विकणारा हुबर्ट तांब्याचा पत्रा फडक्यात गुंडाळून वेसलच्या कारखान्यात आला. "अरे, माणूसच राहिला नाही तर चित्रात कशाला? काढ त्याला. पिंप ठेव तिथं. दारूगोळ्याचं पिंप, म्हणजे देशभक्तीही झाली." वेसलने नाही म्हटलं नाही. खरं तर हुबर्टचं बोलणं संपायच्या आतच त्याची नजर कपाटात घोटणी शोधत होती.

तांब्यावरचा माणूस पुसणं हे काम दिसतं तेवढं सोपं नसतं. आधी खरवडणीने रेघा खरवडायच्या, मग तेल लावून पोलादी घोटणीने घोट घोट घोटायचं, आणि मग तिथं जो खळगा पडतो तो पत्रा पालथा घालून मागून हातोडीने ठोकून वर आणायचा. वेसल यात वाकबगार. त्याने या हाताने किती जणांना लढाईतून उठवलं होतं, किती इंग्रज जहाजांची निशाणं बदलून ती स्पॅनिश केली होती, किती कप्तानांच्या धडावर नवी डोकी बसवली होती. पण त्या दिवशी खाली रस्त्यावर माणसं ओरडत चालली होती. कुणाच्या तरी दाराशी धक्के बसत होते. दगड आपल्या खिडकीवर आला तर, या एकाच विचाराने त्याचा हात घाईत होता. पत्रा वाळू भरलेल्या कातडी उशीवर, त्यावर डाव्या हाताचा तळवा दाबलेला. आणि त्या तळव्याखाली, तेवढ्याच जागेत, ती सावली होती. भीतीने हात उचललाच नाही, म्हणून ती राहिली. तेव्हा हे शौर्य कशाचं, तर न उचललेल्या हाताचं. शिवाय त्याने खाली कोपऱ्यातलं 'वेसल हारिंकने कोरलं' हे आपलं नावही घोटून काढलं होतं, म्हणजे उद्या वारा फिरला तर हे पिंप कुणी ठेवलं असं विचारायला कुणी येऊ नये. साहेबाचं यादीतलं नाव पुसायला त्याला जेवढा वेळ लागला त्याहून कमी वेळ स्वतःचं पुसायला लागला.

आठवडाभरात गोष्ट वाऱ्यासारखी पसरली. नाव पुसलं तरी लाटा कुणाच्या ते शहराला ठाऊक होतं. अशा पायरीपायरीच्या लाटा दुसरा कुणी कोरत नसे. पाववाली त्याला गरम पाव खालून काढून द्यायला लागली. चर्चमधून बाहेर पडताना एक म्हातारा कप्तान त्याच्यापुढे नुसता थांबला आणि पुढे गेला. आणि नेल. नेल त्याची बायको; बावीस वर्षांच्या संसारात तिने त्याला कामसू म्हटलं होतं, चिकट म्हटलं होतं, पावसात भिजलेल्या मांजरासारखं घाबरट तर कितीदा. आता ती शेजारणीला सांगत होती ते त्याने जिन्यावरून ऐकलं, "बोलत नाहीत हो ते. आतल्या आत ठेवतात. मला तरी कुठं सांगितलं होतं! एवढी वर्षं एका ताटात जेवतेय, पण माणूस काय आहे ते भिंतीवरच्या चित्रावरून कळायचं होतं." त्या रात्री वाटाण्याच्या रश्श्यात तिने त्याच्या वाट्याला सॉसेजचा मोठा तुकडा घातला. तो त्याने खाल्ला. नेलला सांगणं सर्वांत सोपं असायला हवं होतं, आणि तेच सर्वांत अवघड झालं होतं, कारण ती त्याच्याकडे ज्या डोळ्यांनी बघत होती ते डोळे त्याने लग्नात पाहिले होते आणि त्यानंतर नाही.

असं आधीही एकदा झालं होतं, हे त्याला अंथरुणात आठवलं. त्याच्या सगळ्या लढायांत समोरच्या पाण्यात तीन बुडणारी माणसं असायची. एक पालथा, एक फळीला धरलेला, आणि एक हात वर करून तोंड उघडलेला. तीच तीन, दर लढाईत. त्यांना आकडा नाही, यादीत नाव नाही, ती नुसती पाणी भरायला. मासस्लाउसहून आलेल्या एका कोळिणीने हुबर्टच्या दुकानात त्या हात वर केलेल्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, हा माझा यान. वेसल तिथंच उभा होता. यान लढाईत गेला तेव्हा पंधराचा होता, आणि हा चेहरा वेसलने यान जन्मायच्या आधीपासून कोरत आणला होता. "हाच ना हो?" तिने त्याला विचारलं. त्याने मान हलवली. ती मान हलवणं तेव्हा त्याला दया वाटली होती. आता अंधारात वाटलं की दयाबिया काही नाही, आपल्याला नाही म्हणताच येत नाही. समोरचा जे म्हणेल ते होऊन बसायची खोड आहे आपल्याला. हुबर्ट म्हणाला पूस, पुसलं. डर्क म्हणाला शूर, झालो शूर.

रोम्बाउटसाहेबांची बायको आली ती भर दुपारी. आलेइडाबाई पूर्वी घोडागाडीतून उतरायच्या. आता डेल्फ्टहून, कालव्यातून घोडा ओढतो त्या नावेने आल्या होत्या आणि झग्याची कड चिखलाने भरली होती. नेलने धावत जाऊन खुर्ची पुसली, शेगडीतलं, गोवऱ्यांसारखं जळणारं पीट सारखं केलं, पायाखाली निखाऱ्यांची उबेची पेटी सरकवली. बाईंनी आपल्या हातमोज्यातून घडी घातलेलं चित्र काढलं आणि गुडघ्यावर उलगडलं. "आमच्याकडे त्यांची पाच तैलचित्रं होती," त्या म्हणाल्या. "एकही राहिलं नाही. मला भीती वाटायला लागली होती हारिंक, की चेहरा विसरेन. चेहरा नाही, पण हे बघा." त्यांनी बोट ठेवलं. "एक खांदा उतरलेला. लहानपणी घोड्यावरून पडले होते. तैलचित्रं काढणाऱ्यांनी सगळ्यांनी तो सरळ केला. तुम्ही तेवढा तसाच ठेवलात." वेसलला आठवेना की खांदा उतरलेला का कोरला होता, बहुधा दोराचं वेटोळं मध्ये आलं म्हणून सावली तिथं मोडली होती. आता सांगावं. आताच. बाई समोर आहे, नेल आहे, दोघींना एकदाच सांगून मोकळं व्हावं. त्याने तोंड उघडलं. "बाईसाहेब, ते मी..." "मुद्दाम ठेवलीत ना?" आलेइडाबाई म्हणाल्या. त्या त्याच्याकडे बघत नव्हत्या, चित्राकडे बघत होत्या, आणि त्यांचं बोट त्या खांद्यावर होतं. आणि वेसलने स्वतःचा आवाज ऐकला, चांगला खणखणीत, "हो. साहेबांसाठी एवढं तरी करायला हवंच होतं." नेलने डोळ्याला पदरासारखं एप्रनचं टोक लावलं. बाई उठल्या. दारात वळून म्हणाल्या, "ती राहील ना पण?" "राहील, बाईसाहेब," वेसल म्हणाला. "मी असेपर्यंत राहील."

आधी त्याच्याकडे नुसती चूक होती. आता त्याच्याकडे खोटं होतं आणि वचनही होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. त्याच्या मुठीत काहीच नव्हतं आणि ती झाकून झाकून बोटं दुखायला लागली होती. पण गंमत अशी की त्या दोन-तीन दिवसांत त्याला स्वतःलाही थोडं थोडं खरं वाटायला लागलं. हात उचलला नाही तो काय उगाच नाही उचलला? आत कुठंतरी, खोल, आपल्यालाही न कळता, आपण त्या माणसावर तळवा धरला असेल. का नसेल? कोरणी चालवता चालवता तो हे घोळवायचा आणि त्याच्या लाटा जरा मोठ्या यायच्या. पाववालीचा गरम पाव तो आता मान ताठ ठेवून घेत होता.

हुबर्ट आला तेव्हा बगलेत तेच फडकं होतं. धापा टाकत तो बाकावर बसला आणि पत्रा टेबलावर आपटला. "काय रे, काय लावलंयस तू? नव्या सभेतून माणूस आला होता. हे चित्र कुणाच्या बाजूचं म्हणून विचारतो. मी म्हटलं पिंपाच्या बाजूचं. हसला नाही तो. माझ्या खिडक्यांना काचा आहेत वेसल, तुझ्याही आहेत. गावभर म्हणतायत, तू मुद्दाम ठेवलीस सावली. ठेवलीस का?" आतल्या खोलीत नेल कोबी चिरत होती. सुरीचा आवाज थांबला. वेसलला कळलं की ती ऐकतेय. तिला उत्तर ठाऊक आहे आणि ते कानांनी ऐकायला ती थांबलीय. एवढंच म्हणायचं होतं, हो. बाईंपुढे केवढ्या सहज म्हणाला होता. किंवा काहीच म्हणायचं नव्हतं. "छे छे," वेसल म्हणाला. "मुद्दाम कुठली? विसरलो." आणि मग, हुबर्टने विचारलंही नसताना, घाईघाईने, "तळव्याखाली राहिली बघ. घाई होती ना. आपल्याला काय करायचंय त्या साहेबाशी? विसरलो, झालं." एवढे दिवस जे खरं त्याच्या ओठावर येत नव्हतं ते असं आलं, भाजलेल्या वाटाण्यासारखं तडतडत. शब्दन्‌शब्द खरा होता. इतकं खोटं तो जन्मात बोलला नव्हता. आत सुरी पुन्हा चालायला लागली, अगदी सावकाश, आणि त्याचे कान इतके तापले की त्याला वाटलं हुबर्टलाही ते दिसत असतील.

"मला ठाऊकच होतं," हुबर्ट मोठ्याने हसला. "तू आणि शौर्य! मी त्या माणसाला हेच सांगितलं, म्हटलं आमचा वेसल स्वतःच्या सावलीला भितो, दुसऱ्याची कुठली राखतो. ती काढ आता. आणि खाली तुझं नाव घाल. चांगलं मोठं. म्हणजे लोकांची तोंडं बंद होतील, चित्र स्वच्छ आणि त्याखाली हारिंकची सही. संध्याकाळी छापून बघायला येतो." तो गेला. वेसलने पत्रा उशीवर ठेवला. नेल दारात येऊन उभी राहिली. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने नुसतं विचारलं, "विसरला होतात?" "हो." "आणि बाईंना..." "हो." तिने मान हलवली. खूप जड काही उचलून परत खाली ठेवल्यावर माणूस हात झटकतो तसे तिने हात झटकले, आणि म्हणाली, "कोबी घातलाय शिजायला." ती आत गेली नाही. खिडकीपाशी विणकाम घेऊन बसली आणि तो काय करतो ते बघत राहिली.

त्याने सावली पुसली. या वेळी हात उचलून, भिंग लावून, एकही रेघ न सोडता. आधी टोपी गेली, मग काठी, आणि शेवटी तो उतरलेला खांदा. खांद्यापाशी घोटणी क्षणभर घसरली, पण ती तेलामुळे. मग पत्रा पालथा घालून मागून ठोकला. मागच्या बाजूला ठोकल्याच्या दोन खुणा शेजारी शेजारी होत्या, एक माणसाची आणि एक त्याच्या सावलीची. ती बाजू कुणी छापत नाही. फळ्यांच्या रेघा नव्याने ओढल्या आणि डेक असं स्वच्छ दिसायला लागलं की तिथं कुणी कधी उभंच राहिलं नसावं. काम अप्रतिम झालं होतं. ते त्याला दिसत होतं, आणि त्यातच सगळी शरम होती, की भीतीतही आपला हात इतका सुंदर चालतो. मी असेपर्यंत राहील, असं म्हणाला होता. तो होता. जिवंत, जेवूनखाऊन, कोबीचा वास घेत.

आता नाव. कोरणीचं पहिलं शिक्षण म्हणजे आपलं नाव उलटं लिहिणं, कारण पत्र्यावर उलटं तेच कागदावर सुलटं. सात वर्षांचा असताना त्याने ते सुलटंच कोरलं होतं आणि छापून आलं ते उलटं, बापाने ते सगळ्या कारागिरांना दाखवलं होतं, "बघा, आमचे चिरंजीव आरशात राहणाऱ्यांसाठी नाव घालतात." तेव्हा पहिल्यांदा कान तापल्याचं त्याला आठवत होतं. त्यानंतर चाळीस वर्षांत ती चूक झाली नाही. झोपेतही झाली नसती, सुलटं लिहायला सांगितलं तर हातच अडखळला असता. त्याने कोरणी टेकवली. उचलली. पुन्हा टेकवली. मग एक एक अक्षर ओठांत पुटपुटत, शाळेत पाटीवर लिहिणाऱ्या पोरासारखा, हळूहळू कोरत गेला. एरवी हे काम पाव घटकेचं. त्या दिवशी उन्ह खिडकीतून भिंतीवर गेलं तरी तो तिथंच होता. त्या अक्षरांनी रोम्बाउटसाहेब परत येणार नव्हते, बाईंना ते कळणारही नव्हतं. पण एवढंच होतं. झडती घेऊन पाहिलं तर त्याच्या अंगात होतं तेवढं धैर्य एवढंच होतं, कोपऱ्यात मावणारं. नेलच्या सुया थांबल्या होत्या. तिला वाचता येत नसे, पण बावीस वर्षं त्याचा हात कसा चालतो ते ती बघत आली होती.

संध्याकाळी हुबर्ट आला. शाई भरली, पुसली, ओला कागद घातला, दाबयंत्राचं चाक दोघांनी ओढलं. हुबर्टने कागद दोन बोटांनी उचलून दिव्यापाशी धरला आणि डेक बघून शीळ घातली. मग त्याची नजर खाली गेली. "अरे, हे काय?" त्याने कागद फिरवला, परत फिरवला. "नाव उलटं! अरे म्हाताऱ्या, शिकाऊ पोरगंसुद्धा करत नाही हे! आता हे वाचायला गिऱ्हाइकाला आरसा देऊ काय?" तो हसत होता, पण डोळे वेसलवर होते. "वेसल. हे काय आहे?" वेसलने तोंड उघडलं. इथंही तोच शब्द लागणार होता, आणि तो त्याने दुपारी वापरून टाकला होता.

"काय असायचंय?" आतून नेल म्हणाली. ती रश्श्याचं भांडं घेऊन दारात आली, ते टेबलावर ठेवलं, आणि हुबर्टकडे बघत, वेसलकडे न बघता म्हणाली, "विसरले असतील. विसरतात ते."